बिननावाच्या सायकलीचे कुलगोत्र



इतिहास म्हटला की कागद, आणि कागद म्हटला की दफ्तर, असा आपल्या पुण्याचा रिवाज आहे. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे; माझे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून मी आज जे साधन आपल्यापुढे ठेवणार आहे ते दफ्तरात नाही. ते कसब्यातल्या वाड्यांच्या जिन्यांखाली गंजत पडले आहे. काळी पोलादी सायकल, आणि तीही जिच्यावर कोणाचेच नाव उरलेले नाही अशी.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते केवळ कॉलेजकुमारांमुळे नव्हे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेठांतला कामगार पहाटे डबा हँडलला अडकवून तिकडे निघे. सायकल पतपेढीच्या कर्जावर घेतलेली, तिला नगरपालिकेचा बिल्ला, आणि रात्री दिवा नसला की पोलिसाची शिट्टी! असे वाहन वीस-वीस वर्षे चाले. त्यात दोनदा रंग चढे, चार वेळा सुटे भाग बदलत. 12 जुलै 1961 ला पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. त्या चिखलातून निघालेल्या सायकलीवर चिकटवलेले नाव राहणार कुठे? नाव हा सायकलीचा सर्वांत शेवटी लावलेला आणि सर्वांत आधी जाणारा भाग होय.

आता जुन्या सायकलींना भाव आला आहे. हॉटेलवाले त्या भिंतीवर टांगतात. विकणारा सांगतो, “रॅले आहे, अस्सल विलायती!” माझी तक्रार या शब्दापाशी आहे. 1939 साली मुंबईत वरळीला हिंद सायकल्स निघाली. 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स आली, सोनीपतला 1951 साली अ‍ॅटलस, आसनसोलला सेन-रॅले, लुधियान्यात 1956 पासून हीरो. वरळीच्या माणसाने भट्टीपुढे उभे राहून जोडलेला सांगाडा नॉटिंगहॅमच्या नावावर खपवणे म्हणजे त्याची मजुरी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे आहे.

मग ओळखायचे कसे? आपल्याच तांबट आळीत जा. जुना कारागीर घंगाळ हातात फिरवतो, मठारकामाचे ठोके पाहतो आणि काम कोणत्या हाताचे ते ताडतो. भांड्यावर नाव शोधत बसत नाही. सायकलीचेही तसेच. नळ्या जिथे मिळतात तिथल्या पोलादी खोबणीला लग म्हणतात. तिच्या कडा कशा घासल्या आहेत, पितळ कुठे बाहेर आले आहे, ते आधी पाहावे. मग चेनव्हील. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापलेली असत, रज्‌च्या चेनव्हीलमध्ये पंजा, बी. एस. ए. म्हणजे मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी, तिची खूण तीन रायफली. आणि मग, मिस्त्रीला चहा पाजून, पॅडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो ते उघडावे. तिथल्या आट्यांवर माझा सर्वांत अधिक विश्वास आहे, कारण ते विकणाऱ्याला बदलता येत नाहीत. इंग्लंडात सर्वसाधारण रीत इंचाला 24 आट्यांची. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपल्या रोजच्या सायकलींना दीर्घकाळ 26 आटे ठेवले.

कसब्यातल्या एका वाड्यात अशीच सायकल पाहण्याचा योग आला. मालकीणबाई म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांची रॅले हो ही, बगळे बघा ना!” बगळे खरेच होते. मिस्त्रीने कॉटर पिन ठोकून काढली, वाटी सोडवली, मापणी लावली. आटे निघाले 24. मागचे हब रॉकेलने धुतले तेव्हा ‘इंडिया’ ही पाच इंग्रजी अक्षरे वर आली. चेनव्हील रॅले घराण्याचे, हब हिंदी, आणि सांगाडा नॉटिंगहॅमच्या त्या रीतीचा नव्हे! बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मला मात्र ती सायकल अधिक मोलाची वाटली. सासरेबुवांनी जे मिळाले, जे परवडले, ते जोडून ती चालती ठेवली होती; तिचे जन्मगाव एक नव्हतेच.

मुळात नाव असते तरी काय कळले असते? 1957 साली बी. एस. ए.चा सायकल-धंदा रॅलेने घेतला; 1960 साली रॅलेच टी. आय. गटात गेली. नाव बर्मिंगहॅमचे, काम नॉटिंगहॅमचे, असा तो संसार. हल्लीच्या रुंद टायरांच्या डोंगरी सायकलींचीही कथा निराळी नाही. अमेरिकेच्या श्विनसाठी सायकली बनवल्या त्या तैवानच्या जायंटने. अशा बिननावी पोलादी सायकलीवर शिमानोचे जपानी भाग असले तर त्यांवर दोन बारीक अक्षरे कोरलेली सापडतात. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. पण ती भागाची जन्मतारीख आहे, सायकलीची नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे 1980 साली संसदेने कायदा करून राष्ट्रीयीकरण केले. तरीही त्या टिकल्या नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. या कारखान्यांत लग घासणारे, चाकांना ताण देणारे हात आता म्हातारे झाले आहेत. कोणत्या खात्यात कोणती खूण ठोकीत, हे त्यांना विचारता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्याखालची सायकल बाहेर काढाल तेव्हा तिला रंग देण्याची घाई करू नका. आधी रॉकेलचा बोळा फिरवा, आणि जे अक्षर दिसेल ते वहीत उतरवून ठेवा.