नळ, नाला आणि मधला नड

‘नळ आले!’ कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत ही हाक कानावर पडली की हातातलं काम टाकून माणसं हंडे-कळश्या लावतात. पाण्याला आपण नळाचंच नाव देऊन टाकलं आहे. पण नळाला हे नाव कुणी दिलं? पाणथळीत उगवणाऱ्या एका गवतानं.

संस्कृतात या गवताला नड किंवा नल म्हणतात. ऋग्वेदाच्या पाठात दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो. त्यामुळे तिथं हे गवत आपल्या ओळखीच्या ‘नळ’ या रूपातच भेटतं, आणि भेटतं तेही सरोवरातून वर आलेलं. शास्त्रीय नाव फ्रॅग्मायटिस. आपल्याकडे वाढते ती त्यातली करका ही जात. दोन पुरुष उंच, डोक्यावर पिसासारखा तुरा. तपकिरी कणीस धरतं ते पाणकणीस, ते वेगळं.

नडाची एक काडी कापून हातात घ्या. आत पोकळी, पण प्रत्येक पेरापाशी पडदा. दोन पेरांमधला तुकडा म्हणजे कांड. नळाचं कांड ते नळकांडं! आज ते पत्र्याचं असो की पुठ्ठ्याचं, शब्दात गवताची शरीररचना जशीच्या तशी आहे.

या कुळाचा विस्तार मोठा. नळी, नळा, नलिका ही तर घरचीच मंडळी. लांब हाडाला संस्कृतात नलक म्हणतात. रश्श्यातली नळी आपण चोखतो ती त्याच नात्यानं. नाडी ही ऋग्वेदात फुंकून वाजवायची. पुढं ती शरीरातली वाहिनी झाली आणि वैद्याच्या बोटांखाली आली. कमळाचा देठ नाल, बाळाची ती नाळ. प्रणालापासून छपराची पन्हळ आणि प्रणाली. आणि नाला, नालीही याच घरातले. तिकडे लॅटिनमध्येही ‘कन्ना’ म्हणजे असंच पोकळ गवत. त्यापासून निघालेला कॅनॉल आपल्या शेतापर्यंत पोचला. दूरदूरच्या माणसांनी गवताच्या त्याच पोकळीत पाण्याची वाट पाहिली.

ती पोकळी गवताच्याही उपयोगाची आहे. दलदलीच्या चिखलात प्राणवायू नसतो. नड आपल्या पोकळ काडीतून हवा खाली जमिनीतल्या खोडापर्यंत आणि मुळांपर्यंत नेतो. तिथून थोडी चिखलात झिरपते. त्या हवेवर मुळांभोवतीचे जिवाणू जगतात आणि सांडपाण्यातली घाण फोडतात. दाट काड्यांत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, काठाची माती मुळांत बांधली जाते. पाखरांना आडोसा मिळतो तो वेगळाच. जर्मनीत केटे झायडल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र त्याच वाटेवरचं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. नड वेळोवेळी कापून बाहेर काढला नाही, तर त्यानं शोषलेलं नत्र-स्फुरद तो कुजताना पुन्हा पाण्यातच उतरतं.

आता कल्याणजवळच्या मोहन्याला या. इथं उल्हास नदीवर बंधारा आहे. या पट्ट्यातलं पाणी उपसून, शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीच्या नळांना सोडतात. वस्त्यांचे नालेही याच पट्ट्यात नदीला मिळतात. त्यांच्या सांडपाण्यातल्या खतावर उन्हाळ्यात जलपर्णी माजते आणि नदीचं हिरवं मैदान होतं. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती मुळं पाण्यात लोंबकळत ठेवून तरंगते. काठ धरून ठेवणं तिच्या हातात नाही.

पाणिनीनं एका सूत्रात दोन शब्द शेजारी-शेजारी घडवले आहेत: नड्वल आणि शाद्वल. शाद्वल म्हणजे कोवळ्या गवताची हिरवळ, नड्वल म्हणजे नडांनी भरलेली जागा. शाद्वल मराठी लेखनात अजून अधूनमधून भेटतं. नड्वल मात्र शब्दकोशातच राहिलं. पाणथळ म्हणजे भराव टाकून वापरात आणायची पडीक जागा, असं मनानं घेतलं की तिच्या नावाचीही गरज उरत नाही.

मला तो शब्द परत हवा आहे, आणि त्याआधी ती जागा. नाल्याच्या मुखाशी सांडपाणी अडवून, संथ करून नडाच्या वाफ्यांतून फिरवावं आणि मगच नदीत सोडावं. शहराच्या सगळ्या मैल्याचा भार एकटा नड पेलणार नाही, त्यासाठी शुद्धीकरण केंद्रं लागतीलच. पण केंद्रापर्यंत न पोचणारे ओहोळ तो नक्की सांभाळेल. मोहन्यात नाला आहे, नळ आहे. एकाच गवताची ही दोन लेकरं एकाच नदीवर समोरासमोर उभी आहेत. दोघांच्या मध्ये त्यांचं वडीलधारं गवत पुन्हा उभं राहू द्या.