पदवी की प्रमाणपत्र? शिरवळहून माहिती तंत्रज्ञानाकडे जाणारी वाट

बारावीचा निकाल लागला की संगणक प्रशिक्षण वर्गांच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘सहा महिन्यांत सॉफ्टवेअर अभियंता’, ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ अशी आश्वासने गावोगावच्या बसस्थानकांच्या भिंतींवर झळकू लागतात. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बंगळूर महामार्गावर नीरा नदीच्या काठी वसलेले शिरवळ त्याला अपवाद नाही. येथून पुणे शहर सुमारे पन्नास किलोमीटरवर. औद्योगिक वसाहतीमुळे कारखान्यातील काम हाताशी आहे; तरीही शिकलेल्या मुलामुलींचे लक्ष असते ते हिंजवडीच्या संगणक कंपन्यांकडे. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन दिलेल्या कुटुंबात मोबदल्याची रक्कम एकदाच येते. ती तीन-चार वर्षांच्या पदवीवर लावावी की अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर, याचा निर्णय चुकला तर तो दुरुस्त करण्याइतके पैसे पुन्हा हाती येत नाहीत.

‘प्रमाणपत्र’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपविल्या जातात. पहिली संगणक साक्षरतेची. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी किंवा केंद्राच्या ‘नायलिट’चा सीसीसी हे अभ्यासक्रम शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी आवश्यक ठरतात, परंतु त्यांच्या बळावर संगणक कंपनीत नोकरी मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खासगी वर्गाने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र. त्याची किंमत त्या वर्गाच्या नावापलीकडे फारशी नसते. तिसरा प्रकार खरा महत्त्वाचा. सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, कॉम्पटिया अशा कंपन्यांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी ही प्रमाणपत्रे जगभर ओळखली जातात, आणि प्रारंभीच्या बहुतेक परीक्षांना शैक्षणिक पात्रतेची अट नसते. वर्ग कोठेही लावावा, न लावताही अभ्यास करावा; परीक्षा मात्र त्या कंपनीचीच द्यावी लागते. ‘सीसीएनए शिकविले’ आणि ‘सीसीएनए उत्तीर्ण’ यांतील हा फरक प्रवेश घेताना पालकांच्या लक्षात येत नाही.

या प्रमाणपत्रांना मुदत असते, हेही सांगितले जात नाही. सिस्कोचे सीसीएनए तीन वर्षे वैध राहते. मायक्रोसॉफ्टच्या ‘असोसिएट’ पातळीवरील प्रमाणपत्रांचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते; ते विनामूल्य आहे, पण विसरल्यास प्रमाणपत्र बाद होते. एकेकाळी ज्या एमसीएसईसाठी पुण्या-मुंबईत रांगा लागत, ते मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर बंदच केले. पदवीचे तसे होत नाही. विषय जुना झाला तरी पदवी पदवीच राहते.

परीक्षाशुल्काचा हिशेबही आधी मांडावा. सीसीएनएचे मूळ शुल्क सुमारे ३०० डॉलर असून कर वेगळा. रुपया घसरला की तेच शुल्क महाग होते आणि अनुत्तीर्ण झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. त्यामुळे फुटलेले प्रश्नसंच पाठ करून परीक्षा देण्याचा मोह अनेकांना होतो. तो उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊन पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. रेड हॅटच्या परीक्षेत तर पाठांतराला जागाच नाही, कारण तेथे चालू यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. कदाचित म्हणूनच लिनक्स प्रशासनाच्या कामांत या प्रमाणपत्राचा मान टिकून आहे.

आता पदवीची बाजू. नीरेचा पूल ओलांडला की जिल्ह्याबरोबर विद्यापीठही बदलते. शिरवळ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, तर पलीकडचा भोर तालुका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या. (ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळाले, त्यांचे जन्मगाव नायगाव मात्र शिरवळच्याच खंडाळा तालुक्यात आहे.) राज्याच्या केंद्रीभूत अभियांत्रिकी प्रवेशात ‘गृह विद्यापीठा’चा विचार होत आला असल्याने अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे अगत्याचे ठरते.

अभियांत्रिकी हा राजमार्ग मानला जातो, पण तो एकमेव नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. बारावीनंतर बीसीए किंवा संगणकशास्त्रातील बीएस्सी करून पुढे दोन वर्षांचे एमसीए करता येते. बीसीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यानंतर २०२४ पासून राज्यात त्यासाठीही प्रवेश परीक्षा सुरू झाली. ‘बीसीएला काय, केव्हाही प्रवेश मिळतो’ या समजुतीवर विसंबून राहणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. घर सोडणे शक्य नसलेल्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि ‘इग्नू’ आहेत. अभियांत्रिकी पदवी मात्र पत्राद्वारे घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तशी पदवी विकणारा कोणी भेटलाच तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

निवडीच्या वेळी पदवीचे वजन कळते. मोठ्या कंपन्यांच्या महाविद्यालयीन भरतीत पहिली चाळणी पदवीची आणि गुणांच्या टक्केवारीची असते. प्रमाणपत्र पाहिले जाते ते त्यानंतर. पुण्यातील सी-डॅकचा सहा महिन्यांचा नावाजलेला पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही अभियांत्रिकी पदवी किंवा एमसीएसारखी पात्रता मागतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी किमान पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता लागते. आज परदेशाचा विचार नसला तरी दहा वर्षांनी तो होऊ शकतो.

पैशाच्या बाजूनेही पदवी वाटते तितकी महाग पडत नाही. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्कात सवलत मिळते. २०२४ मध्ये राज्य शासनाने या उत्पन्नमर्यादेतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. खासगी वर्गाची लाखभर रुपयांची फी मात्र सगळी खिशातूनच जाते. मुलाला अभियांत्रिकीला आणि मुलीला ‘सहा महिन्यांच्या कोर्सला’ घालणाऱ्या घरांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

मग प्रमाणपत्र कोणासाठी? ज्याच्याकडे वेगळ्या विषयाची पदवी किंवा यांत्रिकी पदविका आधीच आहे, त्याच्यासाठी ते उपयुक्त आहे. कारखान्यांतही संगणकजाळे, सर्व्हर, देयके व साठ्याची प्रणाली सांभाळणारी माणसे लागतात. यंत्रे ठाऊक असलेल्या तरुणाने त्यावर जाळेव्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, तर महामार्गालगतच्या या पट्ट्यातच त्याला सुरुवात करता येऊ शकते. पगार हिंजवडीपेक्षा कमी असतो, पण खोलीभाडे आणि खाणावळ वाचते. बीसीएच्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी एखादे क्लाऊड किंवा लिनक्सचे प्रमाणपत्र घेतले, तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. बारावी गणितासह उत्तीर्ण झालेल्यांसाठी एचसीएलने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘टेकबी’सारख्या योजनांत नोकरी करीत पदवी घेता येते, त्यांतील कराराच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात.

नोकरीचा बाजार कायम सारखा नसतो. २००१ च्या मंदीत केवळ वर्गातील प्रमाणपत्रांवर विसंबलेले अनेक तरुण घरी बसले. २०२३ आणि २०२४ मध्येही नवशिक्यांची भरती मंदावली. त्यातच सोप्या स्वरूपाचे प्रोग्राम आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहू लागली आहे. अशा वेळी गणित, संगणकजाळे, माहितीसाठ्याची रचना हे पायाभूत विषय ज्याचे पक्के आहेत त्याला नवे तंत्र उचलणे सोपे जाते. हे विषय आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ आणि केंद्राच्या ‘स्वयम’ या व्यासपीठांवर विनामूल्य शिकता येतात. शुल्क केवळ परीक्षेचे असते.

खासगी वर्गात प्रवेश घ्यायचाच असेल तर पावतीवर अभ्यासक्रमाचे नेमके नाव, परीक्षाशुल्क त्यात धरले आहे की नाही आणि परताव्याची अट लिहून घ्यावी. ‘नोकरी लागल्यावर फी’ अशा करारावर सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नयेत. केंद्रीभूत प्रवेशाची फेरी लागली की कागदपत्रांच्या पडताळणीसाठी त्याच हाताशी असाव्या लागतात.