कोटातली आग आणि नकाशावरची रेघ

फाल्गुन लागला की तुमच्याकडे वणव्याची धास्ती सुरू होते. आम्ही गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या बचत गटांच्या बाया. आमच्याकडे डोंगर नाही, रान नाही, पण आगीची भीती आहेच. म्हणून आज आमच्या शहरातली एक जुनी हकीकत सांगतो.

१७ फेब्रुवारी १८०३ चा दिवस. तेव्हाची मुंबई कोटाच्या भिंतींत दाटलेली. घराला घर लागून, मध्ये अरुंद गल्ल्या. बाजारात आग लागली आणि वाऱ्याने पसरत गेली. दिवसभर कुणाला आवरेना. शेवटी भोवतालची घरं तोफांनी पाडली, तेव्हा ती कमी झाली. कोटातल्या वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जळून गेला.

मग सरकारने नकाशा पुढे घेतला. कोटाबाहेर मोकळं मैदान राखायचं आणि दाटी कमी करायला नवी वस्ती त्याच्या पलीकडे वसवायची. मैदान मोकळं ठेवण्यात तोफांचा मारा अडू नये, हाही हेतू होताच. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याच मोकळ्या पट्ट्याची उरलेली तुकडी. तुमच्या रानात वनखातं जाळरेषा काढतं ना, तशीच काहीशी ही शहराची जाळरेषा म्हणा.

पण रेघ ओढली म्हणजे काम झालं असं नाही. कोटातल्या पुष्कळ व्यापाऱ्यांना आपली जागा सोडायची नव्हती, आणि सरकारला तडजोड करावी लागली. बाहेर काळबादेवी, भुलेश्वर, गिरगावकडे वस्ती वाढत गेली. तिथे मात्र रस्ते, हवा, गटारं यांचा विचार मागेच राहिला. १८९६ साली प्लेग आला तो मांडवीच्या अशाच दाटीत. एका जागेचा धोका हटवला, तो दुसऱ्या जागी जाऊन बसला. रेघ ओढताना पलीकडच्या माणसांना कुणी विचारलं नाही, तर असंच होतं.

हे समजल्यावर आम्ही आमच्या चाळीचा नकाशा स्वतःच काढला. लाकडी जिना कुठे, जिन्याखाली अडगळ कुणाची, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे, कुठल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, बंब गल्लीत कुठवर येतो. कागदावर मांडल्यावर भांडणं झाली, पण अडगळ हलली. गच्चीची एक किल्ली आता तिसऱ्या मजल्यावर खिळ्याला टांगलेली असते.

तुमच्याकडचे नकाशेही आता बदलले आहेत. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून पेटलेली जागा शोधते आणि नाव नोंदवणाऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवते. देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाला वारंवार आग लागण्याचा धोका आहे, असं तिचा २०१९ चा अहवाल सांगतो. पण मोहाखालचा पाचोळा कोण पेटवतं आणि का, हे उपग्रहाला कळत नाही. ते फुलं वेचणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. पाचोळा जाळू नको म्हणणाऱ्याने तो झाडून घ्यायला किंवा झाडाखाली जाळी बांधायला तिला मदतही करायला हवी. नाहीतर तिचं त्या हंगामाचं उत्पन्न जाईल आणि रान पेटायचं थांबणार नाही.

म्हणून वनखात्याचा नवा नकाशा गावात आला, तर तो ग्रामपंचायतीच्या कपाटात जाऊ देऊ नका. ग्रामसभेत उलगडा, संयुक्त वन व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. त्यावर आपल्या वाटा, पाणवठे, मोहाची झाडं, गुरांचे गोठे दाखवा. मग जाळरेषा कुठून जावी ते बोला. आपल्या हाताची खूण असलेली रेघ गाव पाळतं.

पुन्हा भेटू. तोवर सांभाळून राहा.