दस्त्यावरचा मळ आणि दस्त्याचे वय

जुनी वस्तू हाती आली म्हणजे ती स्वच्छ करावी की नवी करावी, हा प्रश्न देवघरातील समईपासून राजवाड्याच्या भिंतीपर्यंत सर्वत्र उभा राहतो. आम्ही तो येथे एका लहानशा वस्तूच्या आधारे मांडणार आहोत. ती वस्तू म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दुनळी बंदुकीचा अक्रोडी दस्ता. नळ्या, घोडे आणि पोलादावरील नक्षी यांचे कौतुक पुष्कळ होते; दस्त्याकडे मात्र ‘लाकूडच ते’ म्हणून पाहिले जाते, आणि म्हणूनच त्याच्यावर पॉलिशपेपर चालवताना कोणाचा हात अडखळत नाही.

या बंदुकीचा इतिहास थोडक्यात असा. लंडनच्या जोसेफ मॅन्टनने (१७६६–१८३५) चकमकीच्या दुनळी बंदुकीला जो सुबक घाट दिला, तोच पुढे आदर्श ठरला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स पर्डीने १८१४ मध्ये स्वतःचे दुकान थाटले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मागून काडतूस भरण्याची फ्रेंच बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली, आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस भरत आले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीतील अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडवलेली सुटसुटीत रचना सिद्ध केली. यंत्र असे आमूलाग्र पालटले. दस्ता मात्र अक्रोडाचाच राहिला आणि तो घडवण्याची रीतही फारशी बदलली नाही.

ती रीत समजून घेतल्यावाचून आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. नळ्या घासणारा, यंत्र जुळवणारा, नक्षी कोरणारा आणि दस्ता घडवणारा असे निरनिराळे कारागीर एका बंदुकीवर काम करीत. दस्तेवाला पोलादी भागावर दिव्याची काजळी धरी आणि तो भाग लाकडाच्या खाचेत दाबून पाही. जेथे काळा ठिपका उमटे तेवढेच लाकूड तो पटाशीने काढी. शेकडो वेळा असे केल्यावर लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये केस शिरण्याइतकीही फट उरत नसे. लाकूड पोलादाहून किंचित उंच ठेवले जाई. मुठीच्या जागी बारीक चौकटींची जाळी कोरली जाई, म्हणजे हात घसरत नसे. शेवटी जवसाचे तेल, बहुधा रतनजोतीसारख्या मुळीने तांबूस केलेले, तळहाताने दिवसचे दिवस चोळले जाई. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. म्हणून ही झिलई लाकडावर चढवलेला थर नसते. ती लाकडाच्या रंध्रांतच मुरलेली असते.

शंभर-सव्वाशे वर्षांनी असा दस्ता काळवंडलेला दिसतो. पण हा काळेपणा एकाच जातीचा नसतो. घाम, धूळ आणि तेलाची पुटे बसून झालेला तो मळ. यंत्रात घातलेले खनिज तेल झिरपून दस्त्याचे तोंड काळे आणि मऊ पडते, तो रोग. कारण खनिज तेल जवसासारखे वाळत नाही, ते लाकूड कुजवत नेते. बंदूक नळ्या खाली करून ठेवावी, हा जुना दंडक याचसाठी होता. स्क्रूभोवतीची काळी वर्तुळे म्हणजे लोखंड आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा संयोग. हिरडा आणि हिराकस यांची शाई ज्या न्यायाने काळी होते तोच हा न्याय. आणि गाल टेकण्याच्या जागी आलेली मऊ चमक, मुठीवर गुळगुळीत झालेली जाळी, तेलाचा स्वतःचा गडद झालेला रंग, हे त्या वस्तूचे वय होय. मळ काढावा, रोगावर उपचार करावा. वयाला हात लावू नये. आमचे सारे म्हणणे एवढेच आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. खुद्द इंग्लंडात शिकारीचा हंगाम संपला की बंदुका पेढीकडे परत पाठवण्याची चाल होती. तेथे त्या खोलल्या जात, पुसल्या जात, गरजेप्रमाणे जाळी पुन्हा कोरून दस्त्याला तेलही दिले जाई. मग ज्यांनी वस्तू घडवली त्यांनाच जे वर्ज्य नव्हते ते आम्हांस का असावे? याचे उत्तर झिलईच्या स्वरूपातच आहे. तेलाच्या झिलईवर पुन्हा तेल देता येते. त्यासाठी खरवडावे लागत नाही. तो नूतनीकरणाचा नव्हे, निगराणीचा भाग होता. अमेरिकी कारखान्यांतून आलेल्या पुष्कळ दस्त्यांवर रोगणाचा थर असे. तो तडकला की खरवडण्याचा मोह होतो, आणि येथूनच नूतनीकरण सुरू होते.

पॉलिशपेपर एकदा फिरला की उंच ठेवलेले लाकूड पोलादाच्या खाली जाते, धारदार कडा बोथट होतात, जाळीची टोके नाहीशी होतात. वरून चकचकीत लॅकर दिले की दस्ता आरशासारखा दिसतो. पण काजळी पाहून लाकूड काढणाऱ्या त्या हाताची साक्ष पुसली जाते. उलट सफाईला फार थोडे लागते: मऊ कापड, किंचित टर्पेंटाइन, जाळीसाठी मऊ ब्रश आणि आधी झाकलेल्या जागी घेतलेली परीक्षा. पोचा आलेला असेल तर ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. लाकूड कमी न करता केलेली ही दुरुस्ती आहे. हे सारे परवानाधारक कारागिराच्या हातूनच, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून व्हावे, हे सांगणे नलगे.

हा विवेक केवळ बंदुकीपुरता नाही. जुन्या चर्चची भिंत खरवडून ती ‘मूळची’ करण्याच्या उत्साहाविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इमारत-रक्षणाची संस्था स्थापली, तेव्हा ‘खरवड-विरोध’ हेच तिचे टोपणनाव पडले. आमच्याकडे जॉन मार्शलच्या १९२३ च्या संरक्षण-संहितेत हेच तत्त्व आले. आणि अजिंठ्याचा धडा तर घरचाच आहे. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे जतन करविले. हेतू उत्तम होता, पण वर दिलेला चपड्याचा लेप पुढे पिवळट-काळा पडला आणि तो उतरवण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना कष्टावे लागले.

संस्थानी मुलखात शिकारीच्या विलायती बंदुका पुष्कळ आल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची ती परंपरा संपली. त्याच वर्षीच्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तूंकडे पाहण्याची दृष्टी दिली. हत्यार म्हणून या बंदुकांचे काम संपले आहे. उरले आहे ते साक्षीचे. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराचा चेहरा धुवावा, सोलू नये.