देवडीवरचा संगणक

वाशिम जिल्ह्यातील अनसिंग येथील आमच्या घरी एक जुना पेंटियम संगणक धान्याच्या कोठीशेजारी धूळ खात पडला होता. भंगारवाला तो किलोच्या भावाने नेण्यास तयार होता. आम्ही त्याला दुसरे नेटवर्क कार्ड बसवले, मॉनिटर आणि कळफलक काढून घेतले व टेलिफोनच्या तारेवरून येणारे आंतरजाल आणि घरातील इतर संगणक यांच्यामध्ये त्याला उभे केले. एका कार्डात मोडेमची तार, दुसऱ्यात स्विचची. राऊटर आणि फायरवॉल ही दोन्ही कामे तो मुकाट्याने करू लागला. तरी आपण जुगाड केल्याची थोडी शरम मनात होतीच. दुकानातली अँटेनावाली पेटी हाच खरा राऊटर, आपला म्हणजे तिचा गावठी अवतार, अशी आमची समजूत होती. इतिहास वाचू लागलो तेव्हा ती उलटी निघाली.

आंतरजालाचा पूर्वज जो आर्पानेट, त्याच्या उभारणीच्या वेळी विद्यापीठांचे मोठे संगणक निरोपांच्या वाहतुकीस जुंपण्याची चालकांची तयारी नव्हती. तेव्हा प्रत्येक ठिकाणी या कामापुरता वेगळा, लहान संगणक ठेवावा, अशी सूचना १९६७ साली वेस्ली क्लार्क यांनी केली. त्याप्रमाणे बीबीएन या संस्थेने हनीवेलचा डीडीपी-५१६ हा तयार संगणक घेऊन त्यात फेरफार केले. फ्रिजएवढे ते कपाट म्हणजे पहिला राऊटर. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला निरोप गेला आणि त्याची दोनच अक्षरे पोहोचून यंत्रणा कोसळली, ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. त्या निरोपाला वाट दाखवणारा एक साधा, दुसऱ्या कामासाठी बनलेला संगणक होता, हे मात्र सांगितले जात नाही. पुढे १९८०च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल येगर यांनी राऊटरची आज्ञावली लिहिली, तीही पीडीपी-११ या लघुसंगणकावर. सिस्को कंपनी १९८४ची. बंद पेटी विकत घेण्याची चाल त्यानंतरची.

‘फायरवॉल’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. तो बांधकामातून आला. ती भिंत आग विझवीत नाही, शेजारच्या घरात पसरू देत नाही, एवढेच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्मने हजारो संगणक जायबंदी केले आणि अशा भिंतीची निकड साऱ्यांना पटली. कोणी मराठीत ‘अग्निभिंत’ म्हणतात. आम्हांला तो शब्द अपुरा वाटतो, कारण सरसकट अडवणारी भिंत घरात आंतरजाल येऊच देणार नाही. हे काम वाड्याच्या देवडीचे आहे. मोठा दरवाजा बंद, दिंडी उघडी, आणि पहारेकऱ्याला ठाऊक की घरातून कोण कोणाला बोलावणे धाडून गेले आहे. ज्याला बोलावले तो आत येईल, आगंतुक बाहेर राहील. शिवाय एकाच पत्त्यावर सारे घर चालवायचे असते. खेड्यात पत्रावर ‘मार्फत’ लिहीत, तसा हा संगणक घरातील सर्वांची पत्रे आपल्या नावावर धाडतो आणि आलेले उत्तर कोणाचे ते वहीत पाहून पोहोचवतो. आंतरजालाचे सुमारे ४२९ कोटी पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागले तेव्हा, मे १९९४मध्ये, ही युक्ती मांडली गेली.

भारतात सामान्यांसाठी आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. बीएसएनएलचे ब्रॉडबँड जानेवारी २००५मध्ये. तोवर बरेच घरगुती संगणक थेट रस्त्यावर उभे होते. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर वर्म आला. त्याला कोणी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. संगणक जोडलेला असणे पुरे होते. विंडोज एक्सपीतली फायरवॉल मुळात बंद ठेवलेली असे, ती आपोआप चालू मिळू लागली ऑगस्ट २००४पासून. मधल्या काळात जुन्या संगणकांना दिवस आले. लिनक्स राऊटर प्रोजेक्ट एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावत असे. स्मूथवॉल, आयपीकॉप, २००३चे मोनोवॉल, त्यातून निघालेले पीएफसेन्स हे सारे फुकट होते, आणि त्यांचे नियम वाचता येत, बदलता येत.

विजेचा हिशेब मात्र आमच्या विरुद्ध जातो. ८० वॅटचा संगणक अहोरात्र चालला तर महिन्याला ५७-५८ युनिट खातो; पेटी त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागवते. विदर्भातील भारनियमनाच्या काळात तर वीज गेली की देवडीही झोपे. पेटी जिंकली ती या हिशेबावर, आणि ते वावगे नव्हते. पण पेटीच्या आत काय होते? लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली उघड झाले, परवान्यानुसार कंपनीला तिची आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी जन्मले. तोच संगणक, फक्त झाकण लावलेला. बहुतेक घरांत ते झाकण कधी उघडलेच जात नाही, कारखान्यातून आलेला पासवर्डही तसाच राहतो. २०१६ साली मिराईने नेमक्या अशाच राऊटर व कॅमेऱ्यांची फौज उभी केली, आणि ज्यांच्या देवड्या फितूर झाल्या त्या घरांना त्याचा पत्ताही लागला नाही.

आमच्या पेंटियमसाठी वाट अरुंद होत गेली. पीएफसेन्सने २०१७मध्ये ३२ बिटी संगणकांची साथ सोडली. घरातील प्रत्येकाच्या खिशात आता मोबाईल आहे, स्वतःच्या वेगळ्या दारातून बाहेर जाणारा, आणि त्या दारावरचे नियम आमच्यापैकी कोणीही लिहिलेले नाहीत. संगणक अजून जागेवर आहे. परवा तो उघडून पंख्यातली धूळ काढली, तेव्हा भाच्याने विचारले, ‘मामा, याला पडदा का नाही?’