कवडीचं नाव

2024 च्या श्रावणात मला नातू झाला. धानाला खत मारून बांधीतून घरी आलो, तर नागपूरहून मुलाचा फोन. पोट्टा झाला, पण वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवला आहे. बायको ऐकून ओसरीवरच बसली. अकरा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. बाराव्या दिवशी बाळ आईच्या कुशीत आलं आणि त्याच संध्याकाळी मुलानं विचारलं, "बाबा, एखादं जुनं नाव सांगा ना. आजकालची सगळी नावं एकासारखी एक वाटतात."

सांगतो म्हटलं. पण रात्री खाटेवर पडल्यावर प्रश्न पडला, जुनं म्हणजे किती जुनं?

आमचं आसगाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेकाठच्या चौरास भागातलं, धानाचं गाव. माझ्या लहानपणी गल्लीत ओ देणारे होते सोमा, मंगरू, बुधा, शुकरू. ही झाली वारावरची नावं. श्रावण, कार्तिक, फागू ही महिन्यावरची. दसऱ्याला झाला तो दसरू. घरात लिहिता कोणाला येत नव्हतं, म्हणून पोराचं नाव हीच जन्माची नोंद. आता कायद्यानं 21 दिवसांत जन्म नोंदवावा लागतो. नाव ठरलं नसेल तर ते पुढं 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं. तेव्हा उलटं होतं. नावच दाखला. माझ्या बापाचं नाव श्रावण, कारण तो श्रावणातला. आमच्या झाडीबोलीत ण नाही, श नाही, त्यामुळं गावासाठी तो जन्मभर सरावनच राहिला.

मेलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायचीही रीत होती. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसे. मग आई आपल्याच लेकराला नावानं हाक मारू शकत नसे. तो घरात बाबू नाही तर नानू होऊन राही.

आणि तिसरी जात नावांची होती, उरकुडा, कचरू, दगडू, धोंडू. तीत माझंही एक. माझं नाव कवडू.

शाळेत मला पोरं 'कवडीमोल' म्हणत. दहावीचा फॉर्म भरताना एका मास्तरांनी विचारलं, कमलाकर लिहू का? मी हरखून घरी आलो. आजी सुपात तांदूळ पाखडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुज्या अगुदर दोन गेले, बापू. तुले मी याच सुपात घातलं, सुईनीले देल्लं, तिच्यापासून एक कवडी घेतली. देवाले सांगतलं, हा पोट्टा आता आमचा नाही, याच्यावर डोरा ठेवू नोको." मग सुईणीनं मला 'सांभाळायला' म्हणून परत दिलं. आजी दरवर्षी दिवाळीला तिच्या घरी धान पाठवायची. ते काहून, हे मला त्या दिवशी कळलं. फॉर्मवर मी कवडूच लिहिलं.

ही रीत एकट्या आमच्या घराची नव्हती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला, त्यातही अशा वाईटसाईट नावांची चाल नोंदलेली आहे. लस नाही, दवाखाना नाही, लेकरं पटापट जात. गरिबाच्या हाती एकच उपाय होता, लेकरू बिनकामाचं आहे असं मोठ्यानं सांगायचं.

पण सुईणीच्या वस्तीत अशी नावं जास्त होती, ती फक्त देवाला फसवायला नव्हेत. त्यांनी पोराचं चांगलं नाव ठेवलं तर गावाला ते खुपत असे. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर त्या वस्तीतल्या पाळण्यांत गौतम, मिलिंद, अशोक, सिद्धार्थ आले. सुईणीचा नातू गौतम माझ्याच बाकावर बसायचा. गावातली म्हातारी माणसं म्हणत, काय ही नवीन नावं काढली!

नवीन? 1969-70 साली पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर पुरातत्त्व खातं आणि नागपूर विद्यापीठानं खोदकाम केलं. दोन हजार वर्षांपेक्षा जुना बौद्ध स्तूप निघाला. दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली, मुचलिंद नाग कोरलेला. म्हणजे ज्याला आमचं गाव नवं म्हणत होतं, ते आमच्या मातीखाली सगळ्यांत जुनं होतं. आणि मी ज्याला जुनं समजत होतो, ते दोन-चार पिढ्यांच्या भीतीतून आलेलं.

मी मुलाला हे सगळं फोनवर सांगितलं. नावाची किंमत माणूस ठरवतो, हेही सांगितलं. अमरावतीकडच्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या माणिकला त्याच्या गुरूनं भाकरीच्या तुकड्यावरून तुकड्या म्हटलं. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून घरोघरी त्यांचा फोटो आहे.

मुलगा गप्प होता. मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, श्रावण ठेवू. श्रावणातच तर झाला." दाखल्यावर बाळाच्या नावापुढं आधी आईचं नाव लागलं, मग बापाचं, मग आडनाव. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांसाठी सरकारचा तसा नियम आहे. काही लोकांना हेही नवीन वाटलं. नाशिकच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा गौतमीपुत्र म्हणूनच नोंदलेला आहे, आईच्या नावानं.

पोळ्यानंतर सून बाळाला घेऊन आसगावला आली. बायकोनं पेटीतून एक पिवळी पडलेली कवडी काढली. आजीची. मला वाटलं, शिकलेली सून हसेल. तिनं ती हातात घेतली, उलटून पाहिली आणि काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या पाळण्याला बांधली.

माझा बाप आता पुन्हा घरात रांगतो आहे. पण माझी बायको सासऱ्याचं नाव कशी घेणार? ती त्याला कवडू म्हणते. हाक मारली की आम्ही दोघंही वळून पाहतो.