हर्षलच्या कड्यांची गोष्ट

मंडळी, उन्हाळ्यात अंगणात निजलात आणि चालता चालता चंद्राने एखादी चांदणी झाकली, असे कधी पाहिले आहे काय? रोहिणीची तांबूस तारका तर चंद्राआड कितीदा तरी जाते. या झाकण्याला ज्योतिषात 'पिधान' असे नाव आहे. चंद्राप्रमाणे दूरचे ग्रहही तारे झाकतात. मात्र ते पाहायला दुर्बीण हवी, आणि वेळ व जागा आधी गणिताने काढायला हवी. कारण ताऱ्याच्या उजेडात ग्रहाची सावली पडते, आणि ती सावली जिथून जाईल तिथल्याच माणसाला तारा विझलेला दिसतो.

आपल्या पंचांगात ज्याला हर्षल म्हणतात, तो युरेनस ग्रह विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली शोधला. तो सूर्यापासून सरासरी २८७ कोटी किलोमीटर दूर. १९७७ च्या १० मार्चला हा ग्रह एक अंधुक तारा झाकणार, असे भाकीत इंग्लंडचे गॉर्डन टेलर यांनी १९७३ सालीच केले होते. ग्रहाचा आकार आणि त्याचे वातावरण यांची माहिती त्यातून मिळेल, एवढीच सर्वांची अपेक्षा होती.

सावली पृथ्वीच्या दक्षिण भागावरून जायची होती. म्हणून अमेरिकेचे जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण बसविलेले विमान घेऊन दक्षिण हिंदी महासागरावर गेले. गणित थोडे चुकण्याचा संभव होता, म्हणून त्यांनी यंत्रे अर्ध्या तासाहून अधिक आधीच सुरू केली. आणि बरे झाले! ग्रह अजून दूर असतानाच ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद मंदावला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. मग पुन्हा एकदा, मग आणखी एकदा.

त्याच रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हे १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीशी बसले होते. त्यांनाही प्रकाश असाच मंदावलेला आढळला. त्यांनी अर्थ लावला, की हा हर्षलचा नवा उपग्रह असावा. यात हसण्यासारखे काही नाही. विमानातल्या मंडळींच्या मनातही आधी लहान उपग्रहच आले होते. तीनशे वर्षे माणसाला कडी ठाऊक होती ती एकट्या शनीची!

मग खरे काय ते कळले कसे? शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. बांगडीच्या मधोमध लिंबू धरून ती पणतीसमोरून हळूहळू न्या. ज्योत आधी बांगडीच्या एका कडेआड जाते, मग लिंबाआड, मग दुसऱ्या कडेआड. विमानातल्या नोंदींत हेच दिसले. ग्रहाच्या आधी प्रकाश जितक्या वेळा मंदावला, तितक्याच वेळा आणि जवळपास तितक्याच अंतरांवर तो ग्रहानंतरही मंदावला. उपग्रह असे जोडीजोडीने दोन्ही अंगांना उभे राहत नाहीत. कडी मात्र राहतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि आपले नैनिताल येथील नोंदीही उपयोगी पडल्या. कावलूरला जो उपग्रह वाटला होता, तेही कडेच ठरले. पुढे १९८६ साली व्हॉयेजर-२ हे यान हर्षलजवळून गेले आणि त्याने कड्यांची छायाचित्रे पाठविली. आज अशी १३ कडी ठाऊक आहेत.

ही युक्ती अजून जुनी झालेली नाही. २०१३ साली दक्षिण अमेरिकेतून वेध घेताना चारिक्लो नावाच्या, जेमतेम अडीचशे किलोमीटर व्यासाच्या गोलाभोवतीही कडी सापडली. दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसतो. त्याची कडी उमगली ती झाकल्या गेलेल्या ताऱ्यामुळे.

तेव्हा मंडळी, एका ठिकाणची नोंद खरी असूनही तिचा अर्थ चुकू शकतो. चार ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे अर्थ लागतो. आणि हो, ठरल्या वेळेच्या आधी जाऊन बसावे, हेही विसरू नये.